हापूस परदेशी पाठवायचा तर आधी देश ठरवा, औषध नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यात तीनशेच्या आसपास हापूसची कलमे आहेत, आजवर माल वाशीला दलालाकडे आणि थोडा ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे गेला. यंदा एप्रिलपासून बाहेर पाठवायचा विचार आहे. काढणीआधी फळमाशीवर नेमके कोणते औषध मारले म्हणजे आंबा एक्स्पोर्टला चालेल? बागेत माशी दिसत नसताना गरम पाण्याचा किंवा विकिरणाचा, म्हणजे फळावर किरण सोडण्याचा, खर्च कशासाठी? आणि जाता जाता, सिडनीला असलेल्या भावाला एक पेटी पाठवता येईल का?

मी पॅकहाऊसमध्ये काम करतो. माल उतरवून घेण्यापासून फायटो (माल कीडमुक्त असल्याचे सरकारी प्रमाणपत्र) हातात पडेपर्यंतचा सगळा प्रवास रोजच्या पाहण्यातला आहे. असा प्रश्न दर हंगामात कोणी ना कोणी विचारतोच, आणि तो बहुतेक वेळा औषधाच्या नावापासून सुरू होतो. तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

घेणाऱ्या देशाला तुमच्या आंब्यात माशी आहे की नाही, एवढाच प्रश्न नसतो. एखाद्या आंब्यात जिवंत अळी राहिलीच, तर ती आमच्याकडे रुजणार नाही याची हमी कोण देतो आणि कशाच्या जोरावर, हा त्याचा प्रश्न असतो. आपल्याकडची फळमाशी, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, फक्त आंब्यावर जगत नाही. पेरू, जाम, चिकू, लिंबूवर्गीय फळे असे तिला पुष्कळ काही चालते. ती कॅलिफोर्नियात किंवा क्वीन्सलँडमध्ये स्थिरावली तर तिथल्या बागायतदाराचे नुकसान होतेच, वर त्याच्या फळांनाही दुसरे देश दार बंद करतात. त्यामुळे ही मंडळी आपल्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या जागी आपण असतो तरी ठेवला नसता.

म्हणून पहिला निर्णय देशाचा. प्रत्येक देशाने ही हमी वेगळ्या रीतीने मागितली आहे.

अमेरिकेला विकिरण लागते, कमीत कमी ४०० ग्रे मात्रा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक). २००७ साली त्यांनी आपल्या आंब्याला दार उघडले ते याच अटीवर, आणि पहिला माल लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून गेला. ते केंद्र मुळात कांद्यासाठी उभे राहिले होते. आता वाशीला राज्याच्या कृषी पणन मंडळाची सुविधा आहे. ऑस्ट्रेलियाला जाणारा मालही ४०० ग्रेचे विकिरण घेऊनच जातो. जपानने १९८६ मध्ये फळमाशीचे कारण देऊन आपला आंबा बंद केला आणि वीस वर्षांनी, २००६ मध्ये, परवानगी दिली ती उष्ण बाष्प प्रक्रियेच्या अटीवर: आंब्याच्या गाभ्याचे तापमान ४७.५ अंशांवर जाऊन तिथे २० मिनिटे राहिले पाहिजे. युरोपसाठी आपल्याकडे ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटे ही पद्धत चालते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून त्यांची नियमावली वेगळी आहे, ती वेगळीच तपासायची. आखाती देशांत फायटो लागते, पण उष्णता किंवा विकिरणाची सक्ती सहसा नसते. कोकणातले बरेच बागायतदार दुबईपासून सुरुवात करतात ते यामुळेच.

हे आकडे कायमचे समजू नका. कोणती सुविधा या हंगामात कोणत्या देशासाठी मंजूर आहे, हे दर वर्षी नव्याने पाहावे लागते. देवगडजवळ जामसंड्याला आणि रत्नागिरीजवळ नाचण्याला पणन मंडळाची निर्यात केंद्रे आहेत. घराजवळ केंद्र आहे म्हणून खूश होण्याआधी तिथे फोन करून विचारा: यंदा कोणत्या देशाचा माल घेताय?

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: बागेत माशी नाही, मग प्रक्रिया कशाला? बागेत माशी नाही हे तुम्ही आंबा बाहेरून पाहून म्हणताय. मादी आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. भोक सुईच्या टोकाएवढे असते. ताज्या भोकातून कधी चिकाचा बारीक थेंब येतो, कधी तोही नाही. दोन-तीन दिवसांनी भोकाभोवतीचा भाग किंचित तपकिरी होतो, अंगठा ठेवला तर तिथे मऊ लागते. तिथली साल पातळ कापली की खाली पांढुरक्या अळ्या दिसतात. त्या मोठ्या झाल्या की अंगाची कमान करून चक्क उडी मारतात, कारण त्यांना फळातून सुटून जमिनीत कोष करायचा असतो. पण आज काढलेल्या आणि कालच डंख बसलेल्या कडक आंब्यात यातले काहीच दिसत नाही. तो पॅकहाऊसमध्ये पहिल्या प्रतीत जातो, विमानात पिकू लागतो आणि लंडनच्या दुकानात उघडा पडतो.

तपासणी करून हा धोका पूर्ण जात नाही, हे साध्या गणितावरून कळते. ऑस्ट्रेलियासारखे देश ६०० फळांचा नमुना पाहतात. मालात दर २०० फळांमागे एक किडके असेल, तर ६०० पाहूनही एकही न सापडण्याची शक्यता जवळपास पाच टक्के उरते. शिवाय न कापता ६०० पाहणे म्हणजे वरचे डाग पाहणे. प्रक्रिया असते ती या उरलेल्या शंकेसाठी. फळमाशीच्या बाबतीत अमेरिकेने जुन्या काळापासून धरलेला निकष ९९.९९६८ टक्के मरतुकीचा आहे, म्हणजे दहा लाख अळ्यांमागे ३२ हून जास्त वाचता कामा नयेत. बागेतली कोणतीही फवारणी या आकड्याच्या आसपासही जात नाही.

काढणीआधी कडक औषध मारायचा विचार म्हणूनच सोडा. त्यात दुहेरी नुकसान आहे. सालीखालच्या अंड्याला आणि अळीला फवारा लागत नाही, म्हणजे कीड तशीच राहते. आणि औषधाचा अंश मात्र सालीवर राहतो. युरोपात ज्या औषधाची आंब्यासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. शंभर टन आंब्यात एक ग्रॅम, असा तो हिशोब. द्राक्षवाल्यांना २०१० मध्ये क्लोरमेक्वॅटच्या अंशामुळे काय सोसावे लागले ते नाशिक-सांगलीत कोणालाही विचारा. ते औषध किडीचे नव्हतेच, वेलीची वाढ आवरायचे होते. तरी कंटेनर अडकले. कीड आणि औषधाचा अंश ही दोन वेगळी दारे आहेत. एकातून सुटायला मारलेले औषध दुसऱ्यात अडकवते.

मग बागेत काय करायचे? सध्या तुमच्याकडे मोहोर आणि कुठे कुठे कणी, म्हणजे नुकतीच धरलेली बारीक फळे, असेल. तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी दापोली कृषी विद्यापीठाचे मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक पाळाच, पण प्रत्येक औषधासमोर तारीख, मात्रा आणि काढणीपूर्व थांबायचे दिवस वहीत लिहा. ही वही नंतर निर्यातदार मागतो. नुसते तोंडी 'आम्ही जास्त मारत नाही' चालत नाही.

फळे वाढीला लागली की रक्षक सापळे टांगा. दापोलीचेच आहेत, मिथाइल युजेनॉलच्या वासावर चालतात. त्यांच्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. त्या वासाला फक्त नर येतात. नर कमी झाले की माद्यांचे मीलन घटते आणि पुढची पिढी रोडावते, हा त्यांचा उपयोग. शेजारच्या बागेत मीलन उरकून आलेल्या मादीला तुमचा सापळा अडवत नाही. त्यामुळे एकट्याने लावलेल्या सापळ्यांपेक्षा वाडीने मिळून लावलेल्या सापळ्यांचा गुण कितीतरी जास्त. सापळ्यातल्या माश्या दर आठवड्याला मोजून लिहिल्या तर एक फुकटचा फायदा मिळतो: माशी कधी वर येतेय हे तुम्हाला कळते. कोकणात वळिवाची एखादी सर झाली, हवेत दमटपणा आला की आकडा झपाट्याने चढतो. मी बागायतदारांना निर्यातीचा माल लवकर संपवायला सांगतो ते यासाठी. मेच्या उत्तरार्धातला आंबा कॅनिंगला द्या, आमरस करा, परदेशी पाठवायच्या भानगडीत पडू नका.

सापळ्याहून स्वस्त आणि माझ्या मते जास्त परिणामकारक काम म्हणजे पडलेली फळे गोळा करणे. हे कोणाला आवडत नाही, मजूर कुरकुरतात. पण गळलेल्या एका किडक्या आंब्यातून अनेक अळ्या जमिनीत उतरतात आणि थोड्याच दिवसांत माशा होऊन वर येतात. फळे दोन फूट खोल पुरा किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा. नुसती बांधावर फेकलीत तर गोळा केल्याचा काही उपयोग नाही. आणि बागेच्या कडेला, वहाळाच्या काठी रायवळ आंबे असतील तर त्यांच्याखालची फळेही उचला. हापूसची बाग स्वच्छ आणि पलीकडे रायवळाचा खच, हे दृश्य कोकणात घरोघरी आहे, आणि माशी तिथे पोसली जाते.

अंड्याएवढ्या फळांना कागदी पिशव्या घालणे हा उत्तम उपाय आहे, रंगही छान येतो. पण उंच जुन्या कलमांवर ते परवडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. ठेंगणी, छाटलेली कलमे असतील तर त्यातली निवडक निर्यातीसाठी बाजूला काढा आणि तेवढ्यांनाच पिशव्या घाला. तीनशेच्या तीनशे कलमांचा आंबा पहिल्याच वर्षी बाहेर जाणार नाही. त्याची गरजही नाही.

कोयीतल्या भुंग्याबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण अमेरिका विकिरणच का मागते हे त्याशिवाय समजणार नाही. या भुंग्याची मादी कोवळ्या कैरीवर अंडे घालते, अळी गरातून थेट कोयीत शिरते आणि तिच्या वाटेची जखम भरून येते. तयार आंबा बाहेरून निर्दोष दिसतो, चवीलाही चांगला असतो, कोय फोडली तरच भुंगा सापडतो. गरम पाण्याची किंवा बाष्पाची उष्णता फळमाशीसाठी ठरवलेली आहे, कोयीच्या आत बसलेल्या भुंग्याला ती खात्रीने मारत नाही. गॅमा किरण मात्र कोयीतूनही आरपार जातात.

विकिरणाबद्दल आणखी एक गोष्ट ऐकून लोक चकित होतात. ४०० ग्रेने अळी तिथल्या तिथे मरतेच असे नाही. ती पुढे माशी होऊ शकत नाही, किंवा झाली तरी तिला प्रजा होत नाही. त्यामुळे विकिरण झालेल्या मालात वळवळणारी अळी सापडली म्हणजे प्रक्रिया फसली, असे म्हणता येत नाही. गरम पाण्याच्या मालात मात्र जिवंत अळी म्हणजे सरळ नापास. म्हणूनच विकिरणात सगळा भार मात्रेच्या नोंदीवर आणि कागदावर असतो. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या सुमारे १५ शिपमेंट अमेरिकेने नाकारल्या. बातम्यांत आलेले कारण किडीचे नव्हते, प्रक्रियेच्या कागदपत्रातल्या त्रुटीचे होते. आणि हो, विकिरणाने आंबा किरणोत्सारी होत नाही. घरच्यांना ती भीती असेल तर काढून टाका.

उष्णतेच्या प्रक्रियेत हापूस नाजूक पडतो. कोवळा आंबा गरम पाण्यात घातला की साल भाजल्यासारखी होते, गरात कडक गाठ राहते, एका बाजूने पिकतो आणि दुसऱ्या बाजूने हिरवा. अशा वेळी बागायतदार टाकीला दोष देतात, पण बऱ्याचदा माल बारा आण्यांचा, म्हणजे पुरता तयार न झालेला असतो. आंबा चौदा आणे तयार झाल्यावरच काढा, नूतन झेल्याने (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने), देठ ठेवून. चीक सालीवर ओघळला तर त्याचे डाग पाण्यातून बाहेर आल्यावर जास्त काळे दिसतात. एका खेपेत एकाच आकाराची फळे आणा. टाकीत क्रेट उतरवले की पाण्याचे तापमान थोडे खाली येते, आणि घड्याळ सुरू होते ते पाणी पुन्हा ठरलेल्या अंशावर आल्यावर. मोठ्या फळाचा गाभा तापायला वेळ लागतो, लहान फळ तोवर शिजायला आलेले असते. दोन्ही एकाच क्रेटमध्ये आली की कोणीतरी बिघडणारच. बाहेर काढल्यावर थंड पाण्यात नीट निववणे आणि लगेच जाळी लावलेल्या, माशी येऊ न शकणाऱ्या खोलीत पॅक करणे, यात घाई करणारे पॅकहाऊस मी टाळीन. प्रक्रिया झालेल्या आंब्यावर माशी पुन्हा बसू शकते, म्हणून खोक्यांची वायुवीजनाची भोकेसुद्धा जाळीने झाकलेली हवीत. ऑस्ट्रेलियाने तर भोकाचे माप १.६ मिमीपेक्षा मोठे नको, असे बजावले आहे.

कागदांचे बोलायचे तर फायटो, म्हणजे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, निर्यातदाराला मिळत असले तरी ते एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेले लेखी वचन आहे, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर उभे असलेले. त्यावर प्रक्रिया कोणती, किती अंश, किती वेळ, खोकी किती, वजन किती, आणि त्या देशाला हवे असलेले जादा निवेदन, हे सगळे अक्षर न अक्षर जुळले पाहिजे. इथे माणसे कुठे घसरतात सांगतो. अधिकाऱ्याने तपासणीत काही आंबे कापले, दोन खोकी कमी झाली, आणि कागदावर जुनाच आकडा राहिला. मालात काही खोट नाही, तरी पलीकडे तो अडतो. खोक्यांचा अंतिम आकडा हातात आल्याशिवाय कागद पुढे सरकू देऊ नका.

तुमच्याकडून या साखळीत लागते ती बागेची नोंदणी. युरोपच्या आंब्यासाठी 'मँगोनेट' ही बागांची ऑनलाइन नोंदणी आहे, तालुका कृषी कार्यालयात सातबारा घेऊन जा, ते बाग पाहतात, क्रमांक देतात. तो क्रमांक खोक्यापर्यंत पोचतो, म्हणजे लंडनमध्ये अळी निघाली तर ती कोणाच्या बागेतली हे शोधता येते. ही व्यवस्था कशातून आली ते आठवत असेल. २०१३ मध्ये युरोपीय संघाला भारतातून आलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ मालांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या, आणि १ मे २०१४ पासून आंब्यासह वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद झाले. बंदी २०१५ च्या अखेरपर्यंत ठरवलेली होती. आपण पॅकहाऊसमधली तपासणी घट्ट केल्यावर आंब्यावरची जानेवारी २०१५ मध्येच उठवली. पण एक हंगाम सगळ्यांचा गेला, ज्यांचा आंबा स्वच्छ होता त्यांचाही.

स्वतः निर्यातदार व्हायचे की कोणाच्या मार्फत जायचे, हे तुमच्या भांडवलावर आणि घरात माणसे किती यावर अवलंबून आहे. माझे मत विचाराल तर पहिले वर्ष अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) मान्यतेच्या पॅकहाऊसवाल्या निर्यातदाराला माल द्या. भाव थोडा कमी मिळेल, पण किती आंबा छाटणीत जातो, म्हणजे निवडताना बाद होतो, का होतो, हे टेबलाजवळ उभे राहून पाहायला मिळेल. करार करताना छाटणीतला माल कोणाचा, आणि पलीकडे माल नाकारला गेला तर नुकसान कोणाचे, एवढे दोन मुद्दे लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर इथे भांडणे होतात.

थोडक्यात तुमचा क्रम असा लागतो: या महिन्यात देश आणि निर्यातदार ठरवा, कारण औषधांची यादी त्यावरून ठरते. मग बागेची नोंदणी आणि फवारणीची वही. कैऱ्या मोठ्या होताना सापळे आणि पडीची सफाई, आणि काढणीच्या सुमारास औषध नाही. औषधाच्या अंशाची तपासणी काढणीआधी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. प्रक्रियेचा खर्च तुमच्या औषधाचा पर्याय म्हणून धरू नका, तो विमानभाड्यासारखा त्या बाजारपेठेचा खर्च आहे.

राहिली भावाची पेटी. सिडनीला कुरिअरने किंवा कोणाच्या बॅगेतून ताजा आंबा पाठवता येत नाही. तिकडे उतरताना फळे जाहीर करावी लागतात. जाहीर केली तर जप्त होतात, लपवली तर दंड होतो. अमेरिकेतही बॅगेतला आंबा काढून घेतात. युरोपात १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशाच्या सामानातल्या फळांनाही फायटो लागते, सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांनाच. भावाला हापूस खायचाच असेल तर सिडनीत विकिरण होऊन आलेला भारतीय आंबा हंगामात दुकानांत मिळतो, तो त्याने तिथेच घ्यावा. तुम्ही इकडून डबाबंद आमरस पाठवू शकता, मात्र त्यालाही तिकडचे नियम आहेत, ते आधी त्यालाच तिथे चौकशी करायला सांगा.